एसीपी प्रद्युमन ‘मेला’ तेव्हा लोक नेमके कशावर चिडले होते?

सदाशिव पेठेतल्या मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, म्हणून हा वाद सोमवारी रात्री झाला. एप्रिल २०२५ चा पहिला आठवडा नुकताच संपला होता. ‘सीआयडी’ मालिकेत बार्बोझा नावाच्या खलनायकाने घडवलेल्या बॉम्बस्फोटात एसीपी प्रद्युमन मारला गेला होता आणि वाहिनीने श्रद्धांजलीचं पोस्टरही काढलं होतं. मेसच्या लांब टेबलावर आम्ही सहा-सात जण होतो. त्यातले बहुतेक एमपीएससीवाले, दोघे तर पीएसआयचीच तयारी करणारे. म्हणजे खऱ्या पोलीस खात्यात जाण्यासाठी पहाटे ग्राउंडवर पळणारी मुलं एका खोट्या पोलीस अधिकाऱ्याच्या मरणावरून पानातली आमटी गार होईपर्यंत भांडत होती.

माझा पीएचडीचा विषय टीव्हीवरच्या पोलीस मालिका आणि त्यांचा प्रेक्षक हाच. त्यामुळे मला ते जेवण आयतंच मिळाल्यासारखं झालं. खोलीवर जाऊन मी वहीत लिहिलं: ‘आवडत्या पात्राच्या मृत्यूमुळे प्रेक्षक नाराज.’ पुढच्या भेटीत गाइडनी ते वाक्य पेन्सिलने अधोरेखित केलं आणि बाजूला एवढंच लिहिलं: ‘कशावरून?’

आजची ही पोस्ट त्या ‘कशावरून’बद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट देऊन सिनॉप्सिसची जुळवाजुळव करताय, काहींची आरआरसी तोंडावर आहे. तुमचा विषय मालिका नसेल, पेशवाई असेल किंवा ऊसतोड असेल. पण लोकांच्या रागाबद्दल एखादं वाक्य तुम्हालाही कधी ना कधी लिहावं लागणारच आहे.

आधी थोडा मागचा धागा, कारण या मालिकेचा आणि पुण्याचा संबंध मेसच्या टेबलापेक्षा जुना आहे. ‘सीआयडी’चे कर्ते बी. पी. सिंग हे लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रण शिकलेले. तिथून ते मुंबई दूरदर्शनवर कॅमेरामन म्हणून गेले आणि पुढे त्यांनी मराठीत ‘एक शून्य शून्य’ ही मालिका केली. १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध होता तो. नाव पोलीस नियंत्रण कक्षाच्या तेव्हाच्या फोन नंबरावरून घेतलेलं (आता ११२ झालाय, त्यामुळे आजच्या मुलांना ते नाव समजावून सांगावं लागतं) आणि गोष्टी मुंबई पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवर बेतलेल्या. त्यात शिवाजी साटम होते. तेच साटम २१ जानेवारी १९९८ पासून हिंदीत एसीपी प्रद्युमन झाले. मालिका वीस वर्षं चालली, दीड हजारांहून जास्त भाग झाले. २७ ऑक्टोबर २०१८ ला ती थांबली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात बी. पी. सिंग आपल्याच जुन्या इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष झाले. २१ डिसेंबर २०२४ ला मालिका पुन्हा सुरू झाली. म्हणजे प्रद्युमन परत येऊन चार महिनेही झाले नव्हते आणि त्याला मारून टाकलं.

आता पहिली अडचण. एप्रिल २०२५ चा वाद मी स्वतः ऐकला. पण ‘एक शून्य शून्य’चा एखादा भाग फसला तेव्हा पुण्यात लोक काय बोलले, ते कुठे शोधायचं?

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभं राहिलं आणि पुण्याच्या घरांत चित्र दिसायला लागलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: पुण्याला मनोरा मिळाला, स्टुडिओ नाही. कार्यक्रम वरळीला व्हायचे, आपण ते झेलायचो. नाटकात तसं नसतं. पुण्याच्या प्रेक्षकाने नाटकाला ‘वन्स मोअर’ही दिलेत आणि प्रयोग फसला तर नटाला ऐकू जाईल अशा आवाजात शेरेही मारलेत. पडद्यावरच्या इन्स्पेक्टरला मात्र ऐकू जात नाही. मग पुणेकर काय करणार? पत्र लिहिणार. दूरदर्शनला लिहिणार, नाहीतर वर्तमानपत्राच्या पत्रव्यवहारात लिहिणार.

त्यामुळे त्या काळासाठी तुमच्या हातात दोनच गोष्टी उरतात: छापून आलेली पत्रं आणि माणसांच्या आठवणी. खुद्द भाग पाहायला मिळेल याची खात्री नाही. तेव्हा टेप महाग होत्या, एकाच टेपवर पुन्हा पुन्हा मुद्रण व्हायचं, आणि दूरदर्शनवरचं पुष्कळ काही तसंच पुसलं गेलं. फिल्म इन्स्टिट्यूटला लागूनच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ सालचं. पण ते चित्रपटांसाठी. मालिकांसाठी तसं घर पुण्यात नाही. म्हणजे ज्या गावात कॅमेरामन घडला, जिथे चित्रपट जपले जातात, तिथेच त्या कॅमेरामनची पहिली पोलीस मालिका पाहायची सोय नाही. मला याचा राग येतो, पण प्रबंधात राग लिहिता येत नाही म्हणून इथे लिहिला.

पत्रांबद्दल एक सावधगिरी. वर्तमानपत्रात छापलेलं पत्र हे लिहिलेल्या पत्रांपैकी संपादकाने निवडलेलं, कापलेलं, बऱ्याचदा सभ्य केलेलं पत्र असतं. शिवाय पत्र लिहिणारा म्हणजे ज्याला पत्र लिहिता येतं, वेळ आहे आणि आपलं म्हणणं छापून येईल असा भरवसा आहे, असा माणूस. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या काकू तिथे सापडणार नाहीत. त्यांचं पुढे येईलच.

आठवणींची तऱ्हा आणखी वेगळी. जुन्या पेठांतल्या साठी ओलांडलेल्या लोकांना मी पोलीस मालिकांबद्दल विचारायला जातो आणि दहाव्या मिनिटाला विषय जोशी-अभ्यंकर खून खटल्यावर जातो. सुरुवातीला मी त्यांना परत रुळावर आणायचो. ‘नाही आजोबा, मी मालिकेबद्दल विचारत होतो.’ ती माझी चूक होती. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात या शहरात दहा खून झाले. खुनी सापडायला वर्षाहून जास्त काळ लागला आणि तोवर अंधार पडला की रस्ते ओस पडायचे. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. ज्यांनी ती वर्षं काढली त्यांना तपास म्हणजे काय हे मालिकेतून शिकायचं नव्हतं. तपास म्हणजे वाट बघणं, हे त्यांनी दाराला आतून कडी लावून अनुभवलं होतं.

मग मालिका त्यांना काय देत होती? माझा अंदाज असा (अंदाजच आहे हा, सिद्ध केलेलं नाही): मालिका त्यांना शेवट देत होती. आज बसलात तर आजच, फार तर पुढच्या भागात, खुनी सापडणार. शहराने जे वर्षभर भोगलं ते इथे ठरलेल्या वेळात मिटणार. पोलीस मालिका आणि प्रेक्षक यांच्यातला हा अगदी मूळचा करार. तो कुठे लिहिलेला नसतो, आणि पाळला जातो तोवर त्याच्याबद्दल कुणी बोलतही नाही. चांगला भाग झाला की लोक म्हणतात, ‘मस्त होता.’ यातून संशोधकाच्या हाती काय लागतं? काहीच नाही. फसलेला भाग झाला की मात्र लोक कारणं देतात. आणि कारण देताना करारातलं एकेक कलम मोठ्याने वाचून दाखवतात.

हे माझं स्वतःचं शहाणपण नाही. ई. पी. थॉम्पसन या ब्रिटिश इतिहासकाराचा १९७१ चा एक निबंध आहे, अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या धान्याच्या दंगलींवरचा. तोवर अशा दंगलींचं स्पष्टीकरण सोपं होतं: भूक लागली, म्हणून लोक उठले. थॉम्पसन म्हणाला, थांबा, हे लोक करतात काय ते तरी बघा. अनेक ठिकाणी जमावाने धान्य लुटून नेलं नाही. आपल्याला रास्त वाटणाऱ्या भावाने ते विकलं आणि पैसे मालकाला परत दिले. म्हणजे राग नुसत्या भुकेचा नव्हता. भाव कसा ठरावा, व्यापाऱ्याने कसं वागावं याबद्दलचे जुने संकेत मोडले गेले होते, त्याचा होता. याला त्याने ‘नैतिक अर्थव्यवस्था’ म्हटलं. हेन्री जेन्किन्सने १९९२ मध्ये हाच शब्द टीव्ही मालिकांच्या चाहत्यांपर्यंत आणला. भूक आणि मालिका एका तराजूत घालायच्या नाहीत, हे उघड आहे. पण प्रश्न विचारायची रीत उसनी घेता येते: हे लोक चिडलेत, तर त्यांच्या मते कोणता संकेत मोडला गेला?

तो प्रश्न घेऊन मी मेसमधला वाद पुन्हा आठवला. सुदैवाने खोलीवर जाऊन लगेच बरंच लिहून ठेवलं होतं. (आणि हो, दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला विचारून परवानगी घेतली. जेवताना कानावर पडलेलं बोलणं हे तुमचं साधन नसतं. समोरचा ‘चालेल’ म्हणाला की मग होतं. एक जण ‘नको’ म्हणाला. त्याचं बोलणं सगळ्यात धारदार होतं, पण ते इथे नाही, प्रबंधातही नसेल.)

आधी हे बघा, की लोक कशावर चिडले नव्हते.

महाराष्ट्राच्या खऱ्या सीआयडीचं, म्हणजे राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं मुख्यालय पुण्यात पाषाण रस्त्यावर आहे. विद्यापीठातून बाहेर पडून चालत जाता येईल एवढं जवळ. त्याचे प्रमुख अपर पोलीस महासंचालक दर्जाचे असतात. एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, हे पद पोलीस आयुक्तालयातलं. मालिकेत मात्र सीआयडी म्हणजे मुंबईतली एक तुकडी आणि तिचा सर्वेसर्वा एक एसीपी. पीएसआयच्या तयारीतल्या मुलांना हे सगळं तोंडपाठ असतं, परीक्षेतच विचारतात. त्यांना ते कधी खटकलं नाही. डॉ. साळुंखे यांचे प्रयोगशाळेतले निष्कर्ष जाहिरातीच्या ब्रेकमध्ये तयार होतात. पुण्यातच गणेशखिंडीला न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे आणि खऱ्या गुन्ह्यात तिच्या अहवालाची किती वाट पाहावी लागते ते कुठल्याही वकिलाला विचारा. तेही कुणाला खटकलं नाही. महाराष्ट्रात पोलीस अधिकारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. साटम १९५० सालचे, त्या एप्रिलमध्ये पंचाहत्तरीला टेकलेले. पीएसआयवाल्यांपैकी एक जण हसत म्हणालाच, ‘साहेबांना सतरा वर्षांची मुदतवाढ आहे.’ हसला, पण चिडला नाही. आणि दार नुसतं लोटलेलं असलं तरी दयाने ते खांद्याने तोडायचं, ही तर सगळ्यांची आवड.

म्हणजे खोटेपणावर आक्षेप नव्हता. ‘वास्तववाद हरवला म्हणून प्रेक्षक नाराज’ असं वाक्य मी लिहिलं असतं तर तेही चुकलं असतं. (माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये ते होतं. आता खोडलंय.)

मग आक्षेप काय होते? थोरला पीएसआयवाला म्हणाला, ‘नखावरच्या रंगावरून खुनी शोधणारा माणूस. त्याला स्वतःसाठी लावलेला सापळा कळत नाही? मरू दे ना, पण हुशारीने मरू दे.’ हे वाक्य मी आता टेबलावर चिकटवून ठेवलंय. प्रद्युमनने मरू नये असं त्याचं म्हणणं नव्हतंच. त्याच्या मते वीस वर्षं कमावलेली अक्कल एका भागापुरती काढून घेणं हा दगा होता. अशक्य गोष्टी चालतात, पण पात्राने स्वतःच्या विरुद्ध वागलेलं चालत नाही.

दुसऱ्याचा मुद्दा तपासाचा होता. एवढा मोठा खून झाला, तर त्या खुनाचा तपास हीच खरी मालिका व्हायला हवी. पण नव्या एसीपीच्या भूमिकेत पार्थ समथान येणार ही बातमी वर्तमानपत्रांत केव्हाच आली होती. त्यामुळे त्याला सगळं आधीच उरकल्यासारखं वाटत होतं. ‘गेला, फोटोला हार घातला, नवीन साहेब हजर. साध्या बदलीतसुद्धा चार्ज द्यायला जास्त वेळ लागतो.’ इथे पुन्हा तो मूळ करार दिसतो: मृत्यू दाखवलात तर त्याचा उलगडा करणं तुमच्यावर बंधनकारक आहे.

तिसरा, राज्यशास्त्रवाला, कुणावरच चिडला नव्हता. तो सगळ्यांना हसत होता. ‘परत आणतील. पैज लावा.’ त्याच्या मते ते मरणच खोटं होतं. पण थोड्या वेळाने तोही जरा चिडून म्हणाला, ‘मग माझ्या आईला रडवायचं काय कारण होतं?’ त्याची आई गावाकडे हा भाग बघून रडली होती. म्हणजे कथेतलं खोटं चालेल, पण आमच्या भावनेशी खोटं बोललेलं चालणार नाही. हे वेगळं कलम आहे, आणि मला ते आधी दिसलंच नव्हतं.

आणि मग काकू. त्या दिवसांत साटम यांनी वर्तमानपत्राला सांगितलं होतं, की आपण सध्या सुट्टीवर आहोत आणि आपली भूमिका संपली की नाही हे आपल्याला कळवलेलं नाही. ते काकूंच्या कानावर आलं होतं. भाताचं पातेलं टेबलावर ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, ‘माणूस रजेवर गेला म्हणून त्याला मारून टाकायचं होय? आमची पोळ्यावाली गावाला गेली की मी बदली बाई आणते. पहिली मेली म्हणून सांगत सुटत नाही.’

टेबल हसलं, मीही हसलो. पण नंतर विचार केला तेव्हा वाटलं, की त्या संध्याकाळचं सगळ्यात गंभीर विधान तेच होतं. बाकीचे पात्राबद्दल बोलत होते, काकू नटाबद्दल बोलत होत्या, कामावरच्या माणसाबद्दल बोलत होत्या. त्यांच्या हिशेबात प्रद्युमनचं मरण हा मालकाने नोकराशी केलेला अन्याय होता. आणि गंमत म्हणजे साटम स्वतः एकेकाळी बँकेत नोकरी करत नाटकं करणारे गृहस्थ. काकूंना हे ठाऊक असण्याचं कारण नाही, तरी त्यांनी नेमकं तेच नातं पकडलं. चाहते म्हणजे तरुण मुलं, असं धरून मी माझी प्रश्नावली तयार केली होती. काकूंना मी प्रश्न विचारणारच नव्हतो.

एका मेसवरून पुण्याबद्दल बोलता येतं का? नाही येत. इथेच बरेच जण घाबरून आकड्यांकडे पळतात. टीआरपी आहे की, २०१५ पासून बार्कचे आठवड्याचे आकडे आहेत! पण ते आकडे निवडलेल्या घरांतल्या टीव्हीवर काय चालू होतं ते सांगतात. हळहळत बघितलं की शिव्या देत बघितलं, यासाठी त्यात रकाना नाही. फसलेला भाग पुष्कळ लोकांनी पाहिलेला असू शकतो, किंबहुना भांडायला मिळावं म्हणूनही पाहिलेला असू शकतो. दुसऱ्या बाजूला इएन आंग या अभ्यासिकेचं उदाहरण ठेवा. ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेबद्दल तिने एका डच मासिकात छोटी जाहिरात दिली: मला ही मालिका आवडते, पण लोक विचित्र प्रतिक्रिया देतात, तुम्हाला काय वाटतं ते लिहून कळवा. पत्रं आली ४२. तेवढ्या पत्रांवर तिने उभं केलेलं पुस्तक आज जगभर प्रेक्षक-अभ्यासात शिकवतात. किती लोकांना काय वाटतं हे ती सांगतच नाही. लोक आपलं वाटणं कोणत्या शब्दांत मांडतात, आवड कबूल करताना ओशाळतात का, नावड सांगताना कुठली भाषा वापरतात, ते ती दाखवते. ४२ पत्रं तेवढ्याला पुरतात. व्हायवाला कुणी ‘सॅम्पल लहान आहे’ म्हणाले तर आधी आपला प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते त्यांना सांगा.

आता एक इशारा, आणि तो लंडनहून आणावा लागेल. डिसेंबर १८९३ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटलं. लोक चिडले, यात शंका नाही. एका बाईंनी डॉयलला लिहिलेल्या पत्राची सुरुवातच ‘पशू’ या संबोधनाने केली होती, असं त्याने स्वतः आत्मचरित्रात नोंदवलंय. पण या प्रसंगाची त्याहून प्रसिद्ध गोष्ट वेगळी आहे: लंडनचे तरुण म्हणे दंडाला काळ्या फिती बांधून कामावर गेले. ही गोष्ट असंख्य पुस्तकांत आहे, लेखांत आहे, प्रद्युमनच्या निमित्तानेही ती पुन्हा सांगितली गेली. १८९३ सालच्या कागदपत्रांत मात्र तिचा पुरावा अभ्यासकांना सापडलेला नाही. ती पुष्कळ नंतर लिहिलेल्या पुस्तकांमधून पुढे आली. राग खरा होता, त्या रागाचं चित्र मात्र मागाहून रंगवलं गेलं.

हे आपल्या डोळ्यांसमोरही घडतं. एप्रिलमध्ये मला मुद्देसूद चार कारणं सांगणाऱ्या त्याच मुलांना मी पावसाळ्यात पुन्हा विचारलं. थोरला म्हणाला, ‘हो, तेव्हा सगळे फार चिडले होते. आवडता माणूस मारला ना.’ हुशारीने मरण्याचं त्याचं स्वतःचं वाक्य त्याला आठवत नव्हतं. मी वाचून दाखवलं तर म्हणाला, ‘हे मी म्हणालो होतो? भारी आहे.’ तीन महिन्यांत त्याचा बारीक विणलेला आक्षेप विरघळून ‘आवडत्या पात्राच्या मृत्यूमुळे प्रेक्षक नाराज’ एवढाच उरला होता. माझ्या वहीतलं ते पहिलं, आळशी वाक्य! आता विचार करा, चाळीस वर्षांपूर्वीच्या ‘एक शून्य शून्य’बद्दल मला आज जे सांगितलं जातं ते किती विरघळलेलं असेल. म्हणून त्या काळासाठी मी आठवणींपेक्षा छापील पत्रांना जास्त वजन देतो. ती निवडलेली असली, सभ्य केलेली असली, तरी त्यांच्यावर तारीख असते.

प्रत्येक वेळी लोक आणि मालिकावाले एकाच भागाकडे बघून दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतात, हे मला ‘सीआयडी’च्याच एका जुन्या भागाने शिकवलं. ७ नोव्हेंबर २००४ ला दाखवलेला १११ मिनिटांचा भाग, लोणावळ्यात एकाच सलग शॉटमध्ये, एकही कट न घेता चित्रित केलेला. गिनेस बुकात नोंद झाली. छायाचित्रण शिकलेल्या माणसाने असा हट्ट करावा हे मला समजतं, त्यामागच्या तालमी आणि यंत्रणेचा विचार केला तर थक्कही व्हायला होतं. पण रहस्यकथा म्हणून तो भाग मला बेताचाच वाटतो. कट नाही म्हणजे कॅमेऱ्याला लांब कुठे जाता येत नाही. प्रयोगशाळा नाही, शहरभर धावणं नाही, मधला वेळ गाळणं नाही. तपासाला लागणारी हत्यारंच बाजूला ठेवली गेली. मालिकावाल्यांनी विक्रम मोजला, मी उलगडा मोजत बसलो. कोण बरोबर, हा प्रश्न संशोधकाचा नाही. कोण काय मोजतंय, हे मात्र त्याला कळलं पाहिजे.

त्यामुळे माझ्या तिसऱ्या प्रकरणाचं शीर्षक बदललं. आधी ते ‘प्रेक्षकांची नाराजी’ असं होतं, आता ‘प्रेक्षकांची कलमं’ आहे. गाइडना ते अजून पूर्ण पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की करार म्हटलं की दोन बाजू आल्या, आणि मालिकावाल्यांनी कशावर सही केली होती ते मी कुठेच दाखवलेलं नाही. आक्षेप बरोबर आहे. लेखकांच्या खोलीत काय ठरतं याचे कागद मिळवल्याशिवाय ती बाजू मला मांडता येणार नाही आणि ते कागद मला अजून कुणी दिलेले नाहीत.

राज्यशास्त्रवाल्याने पैज जिंकली. काही महिन्यांतच प्रद्युमन मालिकेत जिवंत परतला, तात्पुरत्या कामावर आलेला नवा एसीपी निघून गेला. ‘डॅलस’नेही १९८६ मध्ये असंच केलं होतं. मेलेला बॉबी अंघोळ करताना दाखवला आणि मधलं अख्खं वर्ष स्वप्न ठरवलं, त्यावरही प्रेक्षक वर्षानुवर्षं भांडले. तसं काही मेसमध्ये होईल म्हणून मी वही घेऊनच जेवायला गेलो. कुणीच फारसं बोललं नाही. थोरल्याची परीक्षा जवळ आली होती. मीच न राहवून काकूंना सांगितलं, की एसीपी परत आला. त्यांनी वाटीत आमटी ओतली आणि म्हणाल्या, ‘संपली वाटतं रजा.’